पेपरचा जाहिरात विभाग कसा चालतो?

नमस्कार. संध्याकाळी उपसंपादकासमोर उद्याच्या पानाची डमी, म्हणजे कच्चा आराखडा, येते, तेव्हा तिच्यावर जाहिरातींच्या चौकटी आधीच बसलेल्या असतात. उरली ती जागा बातम्यांची. या चौकटी कुठून येतात, ते आज बघू.

मोठ्या मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात कामाची वाटणी साधारण गिऱ्हाइकावरून होते. गाड्या, टीव्ही, साबण यांच्या जाहिराती एजन्सीमार्फत येतात, म्हणून ती टीम मुंबईत बसते. एजन्सीचं कमिशन रूढीने १५ टक्के. शहरातले बिल्डर, सराफ, क्लासवाले यांच्याकडे स्थानिक प्रतिनिधी जातो, डोक्यावर महिन्याचं टार्गेट घेऊन. सरकारी जाहिरातींना सरकारी दर. राज्याच्या जाहिराती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून येतात. छोट्या जाहिराती आणि जाहीर नोटिसांचं काम वेगळं चालतं.

सौदा ठरला की 'आरओ' निघते, म्हणजे रिलीज ऑर्डर. कुठली आवृत्ती, कुठलं पान, कुठली तारीख, किती चौरस सेंटिमीटर, सगळं तिच्यात. शेड्युलिंगवाले त्यावरून डमी लावतात. छापून आलं की बिल, आणि मग वसुली. हा सगळ्यात चिवट भाग. जाहिरात उधारीवर छापलेली असते आणि पैसे येईपर्यंत प्रतिनिधीच्या फेऱ्या सुटत नाहीत.

शहरात बातमीदार वेगळा, जाहिरातवाला वेगळा. तालुक्याला जा, तिथे बऱ्याचदा दोन्ही कामं एकाच माणसाकडे. आमदारांच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानेच भरायची, दिवाळीच्या शुभेच्छा त्यानेच गोळा करायच्या. मानधन नावापुरतं, खरी कमाई कमिशनची. ज्या कारखान्याच्या अध्यक्षांकडून पानभर जाहिरात आणली, त्याच कारखान्याने उसाचं बिल थकवल्याची बातमी त्याने कशी द्यायची? त्या माणसाला दोष देऊ नका, त्याला तिथे उभं केलंय कोणी ते बघा.

पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराची, चौकशी करायला प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली होती. तिच्या २०१० च्या अहवालात हे स्पष्ट आहे: कमिशनवर जाहिराती गोळा करणाऱ्यांना बातमीदार नेमू नका, वार्ताहरांना नियमित मानधन द्या. माझं मतही तेच, आणि सुरुवात तालुक्यापासूनच व्हायला हवी.

तुम्ही तालुक्याला बातमीदारी करत असाल, तर घर मानधनावर चालतं की कमिशनवर, ते खाली लिहा. नाव नको, पेपरचंही नको. नुसता तालुका लिहिलात तरी चालेल.