कुकरला शिटी असते, कवटीला नसते

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. टिळक रोडवर अडकल्यामुळे उशीर झाला. पुण्यात ही सबब चालते, असं धरून सुरुवात करतो.

‘कार टी-सेल’ हा शब्द तुम्ही पेपरात वाचला असेल. पेशंटच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांच्यावर कॅन्सरची खूण ओळखणारा रेणू बसवायचा, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या पुन्हा त्याच पेशंटला द्यायच्या. पवईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. मेंदूच्या गाठींसाठी हे सगळं अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. आधीच सांगतो, कारण व्याख्यान संपलं की मंडळी एमआरआयची फाइल घेऊन भेटतात.

त्यांचं चुकत नाही म्हणा. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची सगळ्यात दांडगी गाठ. ऑपरेशन, किरणांचा शेक (रेडिएशन) आणि टेमोझोलोमाइड या कॅन्सरच्या औषधाच्या गोळ्या हा क्रम २००५ साली ठरला आणि अजूनही मुळात तोच चालू आहे. सगळं नीट केलं तरी निम्मे पेशंट साधारण सव्वा वर्षाच्या आत जातात.

मग रक्तात चाललेली युक्ती मेंदूत का चालवायची नाही? अडचण अशी, की टी-पेशी कामाला लागल्या की सूज येते. ती सूज हीच त्या लढत असल्याची खूण. मांडीला सूज आली तर पॅंट घट्ट होते, एवढंच. कवटीत मात्र दीड किलोच्या आतबाहेरचा मेंदू, दीडशे मिलिलिटर पाणी आणि जवळपास तेवढंच रक्त ठासून भरलेलं असतं. कुकरला शिटी असते, कवटीला नसते. दाब वाढला की मेंदू खाली सरकतो आणि ज्या भागावर श्वास चालतो तोच चेपला जातो. म्हणजे औषध लागू पडणं हाच धोका. उतारा म्हणून स्टेरॉइड द्यावं, तर ते सूज उतरवतं आणि आपण पाठवलेल्या पेशींनाही झोपवतं.

आता या पेशी पाठवायच्या कुठून? शिरेतून देणं सोपं. सलाइन लावतो तसंच. पण शिरेतून गेलेली पेशी आधी फुफ्फुसात, यकृतात, प्लीहेत फिरते. २०१० साली प्रसिद्ध झालेली एक घटना आमच्या क्षेत्रात कोणी विसरत नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या एका पेशंटला अशा सुमारे १००० कोटी पेशी शिरेतून दिल्या. ज्या खुणेवर त्यांचा नेम होता, ती फुफ्फुसातल्या निरोगी पेशींवरही थोडी होती. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांत पेशंट गेला.

दुसरी वाट थेट डोक्यातली, आणि ती जुनीच आहे. आयूब ओमाया या पाकिस्तानात वाढलेल्या न्यूरोसर्जननी १९६३ मध्ये एक साधी वस्तू काढली. डोक्याच्या कातडीखाली बसणारी रबरी टोपी आणि तिच्यापासून मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत जाणारी बारीक नळी. टोपीत सुई टोचली की औषध आत जातं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका पेशंटची हकिगत प्रसिद्ध झाली. आधी पेशी गाठ काढलेल्या पोकळीत सोडल्या. तिथली गाठ आटोक्यात राहिली, पण दुसरीकडे, अगदी मणक्यातही, नव्या गाठी उगवल्या. मग त्याच पेशी मेंदूतल्या पाण्यात सोडल्या आणि मणक्यातल्यांसकट सगळ्या गाठी विरघळल्या. साडेसात महिन्यांनी आजार नव्या ठिकाणी परतला, हेही सांगायला हवं. गाठीतल्या सगळ्या पेशींवर एकच खूण नसते. खूण नसलेल्या मागे उरतात आणि वाढतात.

म्हणून २०२४ मध्ये बॉस्टनला तीन आणि फिलाडेल्फियाला सहा पेशंटवर एकाऐवजी दोन खुणा हेरणारी औषधं वापरली. दोन्हीकडे काही दिवसांतच एमआरआयवर गाठी लहान दिसल्या. पेशी एक कोटीच्या घरात, म्हणजे त्या २०१० च्या डोसच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या.

मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं ते स्टॅनफर्डचं काम. मेंदूच्या देठात किंवा मणक्यात गाठ असलेली ११ मुलं आणि तरुण. पहिला डोस शिरेतून, पुढचे ओमायाच्या टोपीतून. शिरेतून डोस वाढवला तेव्हा अंगभर जोराची प्रतिक्रिया आली, टोपीतून देताना तसं झालं नाही. नऊ जणांना फायदा दिसला. आणि गंमत बघा, त्याच टोपीतून डॉक्टर डोक्यातला दाब मोजत होते आणि वाढला तर पाणी काढून घेत होते. आत जायचं दार आणि वाफ सोडायची शिटी एकच! शिवाय जिथे सूज अजिबात परवडणार नाही अशा जागी मोठी गाठ असलेल्यांना त्यांनी घेतलंच नाही. नाही म्हणणं हाही उपचाराचाच भाग आहे. नातेवाइकांना ते पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड जातं.

या पेशींचा मेंदूला त्रास होतोय का, यावर लक्ष ठेवायची एक पद्धत तर इतकी साधी, की यंत्रवाले रुसतील. रोज पेशंटकडून कागदावर एक वाक्य लिहून घ्यायचं आणि शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजायला सांगायचं. काल ‘आज चहा गोड होता’ असं वळणदार लिहिणाऱ्याचं अक्षर आज ओळ सोडून चाललं, तर स्कॅनची वाट न बघता धावायचं.

दुसऱ्या रांगेतून काकू विचारताहेत, ती टोपी दिसते का? नाही. केस उगवले की दिसत नाही. तेल लावताना बोटाला टेंगूळ लागतं, तेवढंच. जोरात रगडायचं नाही.