तातांची कार्डं

(काळा पडदा. नुसता आवाज: ठक्. मग थोडी शांतता. मग ठक्, ठक्.)

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना मागाचा खडखडाट ओळखीचा असतो. तो भिंतीतून येतो, झोपेतही येतो. हा आवाज मात्र त्याच्या आधीचा. माग सुरू होण्यापूर्वी कुणीतरी अंगणात बसून पुठ्ठ्याला भोकं पाडतं, त्याचा.

(अंगण. लोखंडी पाट, पंच, हातोडी. थोरल्या मुलाचे हात.)

या घरातले वडील कित्येक वर्षं हेच काम करत होते. मुलं त्यांना नायना म्हणायची आणि नातवंडं तात. तात म्हणजे तेलुगूत आजोबा. तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेल्या पद्मशाली घरांमध्ये हे शब्द अजून चालतात. पुढं गल्लीतले मराठी, कानडी, उर्दू बोलणारेही त्यांना तातच म्हणू लागले. आम्हीही तेच म्हणणार आहोत.

(ग्राफ पेपर, जवळून. पेन्सिलनं भरलेले चौकोन.)

सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेल छापलेला नसतो, तो विणलेला असतो. आधी नक्षी ग्राफवर काढायची. ग्राफची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड, असा साधारण हिशेब. ओळीत चौकोन भरलेला असेल तिथं पुठ्ठ्याला भोक पाडायचं, रिकामा असेल तिथं पुठ्ठा तसाच ठेवायचा. मग कार्डं दोरीनं एकापुढे एक ओवायची. ही माळ मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रावर चढते.

(जॅकार्ड, खालून वर. कार्डांची माळ सरकते.)

इथं नीट बघा. भोक असेल तिथं सुई आत शिरते, हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागाही. भोक नसेल तो धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. कार्ड सरकतं, पुढचं येतं, पुन्हा धोटा. जोसेफ मारी जॅकार्डनं ही युक्ती १८०४च्या सुमारास फ्रान्समध्ये बसवली. कॉम्प्युटरच्या इतिहासात तिचं नाव आदरानं घेतात. आमच्याकडे ती गल्लीबोळातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नांदली.

एक भोक चुकलं की चादरीवर तितकाच ठिपका, आणि माळ फिरून आली की तो पुन्हा तिथंच. चुकीच्या भोकावर तात खळ लावून कागदाचा तुकडा चिकटवायचे. या जुन्या माळेत असे तुकडे दिसतात, पण थोडेच.

(चादरींची घडी उलगडते. मंडळांची, देवस्थानांची, लग्नाची नावं.)

ही सगळी नावं तातांनी ठोकलेली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात ते अगदी आधी ज्या वस्तूंना मिळालं, त्यांत ती आहे. लेबलवर कारखान्याचं नाव असतं, मधोमध मागवणाऱ्याचं असतं. पंचवाल्याचं नाव कुठंच नसतं. आम्ही शोधलं.

(तातांचे मित्र, शेडच्या दारात. पाठीमागं बंद माग.)

"माझ्याकडं दोनच माग होते. एका मंडळाची ऑर्डर आली, नाव घालून पाहिजे म्हणले. कार्डाला द्यायला पैसे नव्हते बे माझ्याकडं. ह्यानं तीन रात्री बसून ठोकली. मजुरी विचारली तर म्हणला, चहा सांग."

पुढं बरंच काही ते बोलले. कॅमेऱ्याकडे पाठ करून बोलले, म्हणून ते तसंच ठेवलं आहे.

(डालड्याचा जुना डबा. झाकण उघडतं. आत पुठ्ठ्याच्या बारीक गोल टिकल्या.)

पंचाखालून पडलेल्या या टिकल्या. तात त्या झाडून टाकू द्यायचे नाहीत. गल्लीतल्या बाहुला-बाहुलीच्या लग्नाला अक्षता इथूनच जायच्या.

(मोबाइलवरचं हलतं चित्रण. सिद्धेश्वर मंदिराजवळची गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज.)

हा भोगीचा दिवस, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज संमती कट्ट्याजवळ येतात आणि सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं. तेव्हा सगळं सोलापूर अक्षता टाकतं. डावीकडे, धोतर आणि स्वेटर, खांद्यावर नात. इतरांच्या मुठीत तांदूळ आहेत. तिच्या मुठीत काय आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे.

(तीच नात, आज. मांडीवर लाल-पांढरी चादर.)

घरात मूल जन्मलं की तात त्याच्या नावाची कार्डं ठोकायचे आणि ओळखीच्या मागावर एकच चादर काढून घ्यायचे. वरून पांढऱ्यावर लाल अक्षरं. आतून लालवर पांढरी, आणि उलटी.

"मी आतली बाजू वर घेऊन झोपायचे, ती मऊ वाटायची. त्यामुळं नाव आधी उलटंच वाचायला शिकले. पुण्याला हॉस्टेलवर मैत्रीण म्हणाली, अगं, चुकीचं छापलंय. म्हटलं, छापलं नाही, विणलंय."

पुढं डिझाइन कॉम्प्युटरवर आलं, तातांचं काम सुटलं, पंचिंगचं मशीन भंगारात गेलं आणि काही वर्षं घर आजीच्या विड्यांवर चाललं. मागच्या पावसाळ्यात तात गेले.

(पुन्हा अंगण. दोरीनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा.)

हा गठ्ठा त्यांच्या खाटेखाली सापडला. नातीला दिवस गेले होते तेव्हाचा. काठ पूर्ण आहे, कोपऱ्यातल्या कोयऱ्या पूर्ण आहेत. मधली कार्डं कोरी आहेत, कारण बारसं व्हायचं होतं.

बारसं झालं. थोरल्या मुलानं ग्राफवर नाव काढून घेतलंय. मित्रानं एक माग साफ करून ठेवलाय. तेल घातलंय, जॅकार्डवरची जळमटं काढलीत.

(मुलाचे हात. हातोडी वर जाते. ठक्.)

नायना जायच्या आधी थोरल्यानं पंच कधी हातात धरला नव्हता. पहिल्याच कार्डावर एक भोक जास्तीचं पडलंय.

खळ शिजवायला सून आत गेलीय.