सोटोच्या बदल्यात पाच पोरं: बेसबॉलच्या ट्रेडचा हिशेब

(दृश्य: रिकामा डगआउट, भिंतीवरचं घड्याळ)

31 जुलै. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सहा, म्हणजे आपल्याकडे 1 ऑगस्टची पहाट, साडेतीन. मेजर लीग बेसबॉलमध्ये हंगामातल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, म्हणजे ट्रेडची, मुदत साधारण याच वेळी संपते. पूर्वी ऑगस्टमध्येही एक पळवाट होती, ती 2019 मध्ये बंद झाली. त्यामुळे सगळी घासाघीस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येऊन साचते आणि अफवांना ऊत येतो.

आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो. इथे मोठा खेळाडू हवा असेल तर बदल्यात बहुधा होतकरू पोरं द्यावी लागतात. अशा पोराला प्रॉस्पेक्ट म्हणतात, आणि चाहत्यांची भांडणं होतात ती त्याच्या किमतीवरून.

(दृश्य: हुआन सोटो, बॅटिंगच्या चौकटीत)

2 ऑगस्ट 2022. वॉशिंग्टन नॅशनल्सचा हुआन सोटो तेव्हा 23 वर्षांचा. 15 वर्षांसाठी 44 कोटी डॉलर ही संघाची ऑफर त्याने नाकारली होती. नॅशनल्सने त्याला जॉश बेलसोबत सॅन दिएगो पाद्रेसकडे पाठवलं. बदल्यात सीजे अब्राम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हार्लिन सुसाना ही पाच तरुण मुलं आली. सहावा अनुभवी एरिक हॉस्मर होता, पण त्याच्या करारात नकाराचा हक्क होता आणि त्याने तो वापरला. त्याच्या जागी ल्यूक वॉइट आला.

"एका सोटोसाठी अख्खी शेतीच दिली!" पाद्रेसचे चाहते करवादले. (शेती म्हणजे संघाने खालच्या पातळीवर वाढवत ठेवलेली पोरं.) "असा खेळाडू विकतात का?" हे वॉशिंग्टनचं म्हणणं. दोन्हीकडे चर्चा नावांची चालली होती. सौदा मात्र नावांचा नसतो, वर्षांचा असतो.

हा हिशेब नीट पाहू. मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. यातली पहिली तीन वर्षं तो बहुधा किमान पगारावर खेळतो. 2026 साठी हा पगार 7 लाख 80 हजार डॉलर आहे. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीने ठरतो, वाढतो, पण बाजारभावाखालीच राहतो.

आता बाजारभाव. बदली म्हणून सहज मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा एखाद्याने किती विजय जास्त मिळवून दिले, ते विश्लेषक मोजतात. खुल्या बाजारात अशा एका विजयाला ढोबळमानाने 80 लाख डॉलर धरतात. वर्षाला तीन विजय देणारा पोरगा म्हणजे 2 कोटी 40 लाखांचा माल, पगार आठ लाखांच्या आत. वर्षाला सव्वादोन कोटींच्या वरचा हा फरक हीच प्रॉस्पेक्टची खरी किंमत. सोटो कितीही थोर असला तरी त्याच्याकडे अडीच हंगामच उरले होते, आणि तेही लवादाच्या चढत्या पगाराचे.

एकेक दिवस किती मोलाचा असतो? 2015 मध्ये शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट सराव सामन्यांत नऊ होम रन ठोकूनही मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या पातळीवर, परत गेला. 17 एप्रिलला त्याला वर घेतलं. वर्षअखेर दिवस भरले 171. एक दिवस कमी पडला आणि कब्जना त्याचं एक अख्खं वर्ष जास्त मिळालं. ब्रायंटने दाद मागितली, 2020 मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. संघ नियमाने वागला, एवढंच म्हणता येईल.

(दृश्य: स्टॉपवॉच हातात घेतलेला स्काउट)

पण हा पोरगा तीन विजयांचा होईल, हे सांगणार कोण? स्काउट, म्हणजे गुणी पोरं हेरणारा. मोजपट्टी 20 ते 80 ची. 50 म्हणजे मेजर लीगचा सरासरी दर्जा, 60 ला भुवया उंचावतात, 80 क्वचितच दिसतो. गुण पाच गोष्टींना: चेंडू गाठणं, ताकद, धाव, फेक, क्षेत्ररक्षण. धाव तर थेट घड्याळावर. उजव्या हाताचा बॅटर फटका मारून 4.3 सेकंदांत पहिल्या बेसवर पोचला तर 50. डावखुरा बेसच्या जवळ उभा असतो, म्हणून त्याला 4.2.

धाव मोजता येते, चेंडू गाठण्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि चुका तिथेच होतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा खालच्या पातळीवर वेगवान चेंडू झोडपतो. डबल-एला, म्हणजे मायनर लीगच्या वरून दुसऱ्या पायरीला, गेला की पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) ब्रेकिंग बॉल, म्हणजे वळणारा चेंडू, नेमका पडायला लागतो आणि त्याच मुलाची बॅट हवेत फिरते. म्हणून आकडे पाहताना पातळी आणि वय आधी पाहायचं. डबल-एमध्ये विशीतल्या मुलाचे मध्यम आकडेही पंचविशीतल्याच्या झकास आकड्यांपेक्षा मोलाचे.

दुखापतीचं वेगळंच. गोर ट्रेडच्या वेळी कोपराच्या सुजेमुळे बाहेरच होता. पिचरच्या कोपराचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया, मग वर्ष-दीड वर्ष बाहेर. म्हणून सारख्याच गुणांच्या पिचर आणि बॅटरमध्ये जाणते बॅटर मागतात. हॅसेलचं पाहा. व्यवहाराच्या दिवशी एमएलबी पाइपलाइन या लीगच्याच संकेतस्थळाच्या प्रॉस्पेक्ट यादीत तो वुडच्या बराच वर होता. त्याच वर्षी मनगटाजवळचं हॅमेट नावाचं छोटं हाड मोडलं. हे हाड जुळलं तरी बॅटमधली ताकद परत यायला बराच काळ जातो. अब्राम्स 2024 मध्ये ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंपैकी एक) झाला, वुड आणि गोर 2025 मध्ये. यादीत जास्त चमकणारं नाव हॅसेलचं होतं.

आणि पाद्रेस? 2022 मध्ये मेजर लीगमधल्या नॅशनल लीग या गटाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले. 2023 मध्ये प्लेऑफही हुकला, त्या डिसेंबरात सोटो यांकीजकडे रवाना. वर्षभराने तो फ्री एजंट झाला आणि न्यूयॉर्क मेट्सकडून त्याने 76 कोटी 50 लाख डॉलर घेतले.

(दृश्य: सिटी फील्ड, रात्रीचे दिवे)

अफवेचं काय? 29 जुलै 2015, मेट्सचा सामना चालू. विल्मर फ्लोरेस मिलवॉकीला गेल्याची बातमी प्रेक्षकांच्या फोनवर आली आणि तिथून मैदानात. फ्लोरेस शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, उभा, बाहीने डोळे पुसतोय. सौदा नंतर फिसकटला. कार्लोस गोमेझच्या नितंबाच्या सांध्याबद्दल मेट्सच्या डॉक्टरांना शंका आली होती. दोन रात्रींनी फ्लोरेसने बाराव्या इनिंगमध्ये होम रन मारून सामना जिंकून दिला.

तेव्हा बातमीतली क्रियापदं वाचा. "उत्सुक आहे" याला शून्य किंमत. प्रत्येक संघ प्रत्येकाबद्दल उत्सुक असतो. "वैद्यकीय तपासणी बाकी" म्हणजे सौदा ठरलाय, पक्का नाही. सर्वांत भरवशाची खूण खाली, मायनर लीगमध्ये दिसते: धडधाकट पोराला मधूनच सामन्यातून काढलं की समजावं.

एक कारण चाहत्यांच्या ध्यानातच येत नाही: 40 जणांची यादी, म्हणजे संघाने मेजर लीगसाठी राखलेले खेळाडू. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्या मुलाला पाच हंगामांनंतर नोव्हेंबरात या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर रूल 5 ड्राफ्ट या वार्षिक निवडीत दुसरा संघ त्याला एक लाख डॉलरमध्ये उचलू शकतो. जागा नसली की संघ चांगला पोरगाही जुलैतच स्वस्तात काढतो. "फुकट दिला" अशी ओरड होते, तेव्हा बहुधा हेच असतं.

वादात मग जुनी उदाहरणं निघतातच. 1987 मध्ये डेट्रॉइटने 20 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ देऊन पिचर डॉयल अलेक्झांडर घेतला. स्मोल्ट्झ पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण अलेक्झांडरने त्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइट विभागात पहिलं आलं. हा भाग कोणी सांगत नाही. उलट 2007 च्या डिसेंबरात त्याच डेट्रॉइटने कॅमेरॉन मेबिन आणि अँड्र्यू मिलरसह सहा जण दिले आणि मिगेल काब्रेरा आणला. मेबिन-मिलर तेव्हा देशातले बिनीचे प्रॉस्पेक्ट. काब्रेराने 2012 मध्ये ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे बॅटिंग सरासरी, होम रन आणि फटक्यांवर मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला.

31 जुलै 2025 ला पाद्रेसने पुन्हा तेच केलं: 18 वर्षांचा शॉर्टस्टॉप लिओ डी व्रीस आणि आणखी तिघं देऊन ॲथलेटिक्स नावाच्या संघाकडून पिचर मेसन मिलर घेतला, सोबत जेपी सीअर्स. मिलर ताशी 100 मैलांच्या वर फेकतो आणि 2029 पर्यंत संघाच्या ताब्यात आहे. त्याच्या कोपराने 2023 मध्ये एकदा त्रास दिलाय. डी व्रीसला 40 च्या यादीत घेण्याची सक्ती 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत नाही.