वाळ्याच्या शेजारी समुद्राचा गंध

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठेतील, आम्ही चित्रित केलेल्या या अत्तराच्या दुकानात मे महिन्यातील दुपारी गिऱ्हाइके सर्वाधिक विचारणा करतात ती गुलाब, केवडा आणि हिना यांच्या शेजारी ठेवलेल्या फिकट निळ्या कुपीची. निजामी राजवटीत रुजलेल्या अत्तराच्या शौकात ही कुपी नवी आहे, आणि तिचे वैशिष्ट्य असे की ज्या वस्तूचा गंध देण्याचे ती वचन देते, त्या शुद्ध पाण्याला स्वतःचा गंधच नसतो.

म्हणून पाण्याचा गंध घडवावा लागतो. १९६६ साली फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅलोन नावाचे द्रव्य सापडले, ज्याचा वास कलिंगडाच्या सालीलगतच्या पांढुरक्या गरासारखा आणि खाऱ्या वाऱ्यासारखा येतो. सुगंधनिर्मात्यांनी ते मोकळ्या हाताने वापरण्यास मात्र सुमारे दोन दशके लागली. १९८८ साली सुगंधनिर्माते पिअर बूर्दाँ यांनी घडवलेल्या ‘कूल वॉटर’ या परफ्यूमने ताज्या, धुतल्यासारख्या गंधाची वाट रुंद केली, त्यात लिंबाच्या अंगाने जाणाऱ्या डायहायड्रोमर्सिनॉल या द्रव्याचा वाटा मोठा होता.

आता दुकानदाराच्या हातातील काचेच्या काडीकडे पाहावे. मनगटावर थेंब टेकताच प्रथम लिंबू, बर्गमॉट हे लिंबाच्याच कुळातले फळ आणि पुदिना पुढे येतात, कारण लिंबाच्या सालीतील लिमोनीनचा रेणू हलका, १३६ रेणुभाराचा असतो आणि त्वचेच्या उबेने तो लगेच उडतो. पुदिन्यातील मेन्थॉल थंडी जाणणाऱ्या चेतातंतूंना जागे करते, त्यामुळे तापमान न उतरताही गारवा जाणवतो. फवारणीच्या बाटलीत अल्कोहोल असल्याने ते उडताना त्वचेची उष्णताही घेऊन जाते. तेलातल्या या अत्तरात तो भाग नाही, पण त्याबदल्यात त्याचा उलगडा संथ होतो, आणि माझ्या मते तो अधिक नीट कळतो.

लिंबू ओसरले की १७८ रेणुभाराचे कॅलोन स्पष्ट होते आणि त्याच्या मागून जाई, रोझमेरी किंवा लव्हेंडर येतात. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या मराठवाड्यात, चाळिशीपार गेलेल्या कोरड्या हवेत, हा मधला टप्पाही घाईने सरकतो, कारण उष्णतेने बाष्पीभवन वाढते आणि कोरडी त्वचा सुगंध कमी धरून ठेवते. मग उरतो तळ, म्हणजे देवदारासारखे लाकूड, अंबरसदृश द्रव्ये आणि सुमारे २५८ रेणुभाराची कृत्रिम कस्तुरी.

या तळात वाळा, म्हणजेच खस, असावा, असे आम्हाला आग्रहाने म्हणावेसे वाटते. पडद्यावर दिसणारी ही तपकिरी मुळे माठात सोडली जातात, त्यांच्या ताट्या भिजवून उन्हाळ्यात दारे-खिडक्यांना लावल्या जात. खारे पाणी न पाहिलेल्या माणसालाही या गंधातून ओल ओळखता येते. वाळ्याच्या तेलातील खुसिमॉलसारखे घटक जड असल्याने ते सावकाश उडतात आणि कॅलोन विरल्यावरही मातकट, किंचित धुरकट गारवा मागे ठेवतात. हे दुकानदार निळ्या कुपीतील तेलात खसचे थोडे अत्तर मिसळून देतात, आणि चित्रीकरणाच्या दिवशी आम्ही मनगटावर घेतलेल्या दोन्ही थेंबांपैकी वाळा मिसळलेलाच थेंब संध्याकाळी ओळखू येत होता.

बर्गमॉटच्या काही तेलांनी उन्हात त्वचेवर डाग पडू शकतात आणि काही कृत्रिम कस्तुरीद्रव्ये सांडपाण्यातून नद्यांत पोहोचतात, हेही येथे नोंदवायला हवे.

दुकानदार पहिल्या वासावर कुपी विकत नाहीत. “चाचा, हीच बांधून द्या,” असे म्हणणाऱ्या तरुणाला ते सांगतात, “आत्ता नका घेऊ, बेटा, दिवस मावळल्यावर मनगट हुंगून पाहा, पटले तर या.”