पिराय जाली

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गोव्यातल्या, फोंड्याकडच्या घरी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, माटोळी बांधायचं काम काकांकडे. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली, फळापानांनी सजवायची लाकडी चौकट. कांगलां, आंबाडे, तोरिंग, कवंडळ, सुपारीची शिपटी... एकेकाचं नाव घेत ते चौकटीला बांधत जायचे आणि आम्ही खालून सामान पुरवायचो. तीन वर्षांपूर्वी कांगल्यांचा घोस हातात धरून ते थांबले. नाव आठवेना. मग वळून त्यांनी मलाच विचारलं, "चवथ कधी रे?" घरात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पिराय जाली!" म्हणजे वय झालं, आणि विषय तिथंच मिटला.

मला आज या दोन शब्दांविषयीच बोलायचं आहे. गुडघा दुखतो? वय झालं. झोप लागत नाही? वय झालं. बोलणं कमी झालं? वयच झालं की हो! एवढं सोयीचं उत्तर दुसरं नाही. वार्धक्यशास्त्र, ज्याला डॉक्टरमंडळी जेरंटॉलॉजी म्हणतात, ते या उत्तरावर समाधान मानत नाही. वयामुळे काय झालं, आजारामुळे काय झालं आणि घरानं, माणसांनी काय केलं, हा गुंता ते सोडवू पाहतं. त्यासाठी पेशी बघणारा लागतो, मन बघणारा लागतो, समाज नि पैशाचा हिशेब बघणाराही लागतो.

जेरंटॉलॉजी हे नाव १९०३ साली एली मेचनिकॉफ यांनी रूढ केलं. माणूस मोठा, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालेला. आतड्यातल्या जंतूंच्या विषानं म्हातारपण ओढवतं, असा त्यांचा तर्क, म्हणून ते नेमानं आंबवलेलं दूध प्यायचे. वयाच्या ७१ व्या वर्षी गेले. आमची आजी रोज ताक प्यायची आणि नव्वदी ओलांडून गेली, पण एका आजीवरून शास्त्र होत नाही.

या शास्त्रात फसायला फार सोपं असतं. समजा, उद्या कुणी पणजीच्या बाजारात उभं राहून भेटेल त्याला विचारलं, पोर्तुगीज येतं का? ऐंशीच्या पुढचे काही जण हो म्हणतील, विशीतली पोरं नाही म्हणतील. मग निष्कर्ष काय, वय वाढलं की पोर्तुगीज येऊ लागतं? हसू येतं ना? ती मंडळी १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत शाळेत गेली, एवढंच त्यामागचं कारण. पण स्मरणशक्ती, ताकद, बुद्धी यांच्या बाबतीत हीच चूक शास्त्रज्ञांकडूनही व्हायची. आजचा ऐंशीचा आणि आजचा तिशीचा माणूस शेजारी बसवून फरक मोजायचा आणि तो सगळा वयाच्या खात्यावर मांडायचा. एकाचं बालपण पेजेवर गेलं, दुसऱ्याचं दुधावर, हे कोण बघतो? म्हणून अमेरिकेत बाल्टिमोरला १९५८ पासून त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा बोलावून तपासायला सुरुवात झाली. आपल्याकडे 'लासी' हा वाढत्या वयाचा देशव्यापी अभ्यास याच वाटेचा. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीच्या पुढचे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी झाली. त्यात कमाई, आजार, घरातली माणसं हे सगळं विचारलं, आणि हाताची पकडही यंत्रावर मोजली. मूठ किती घट्ट आवळता येते, यावरून शरीराच्या एकूण बळाचा बराच अंदाज येतो.

आता कान घ्या. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीपासून. म्हणून स, श, फ ही बारीक अक्षरं आधी हरवतात. देवळातला चौघडा आजोबांना स्वच्छ ऐकू येतो, पण "सात वाजले" म्हटलेलं "आठ वाजले" वाटतं. सून म्हणते, "हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!" बिचाऱ्यांचा तसा काही डाव नसतो. ओरडूनही फार उपयोग होत नाही. आवाज चढवला की 'आ' मोठा होतो, 'स' बारीकच राहतो. त्यापेक्षा टीव्ही बंद करा, समोर बसा, सावकाश बोला. हे झालं नाही की आजोबा भजनाला जायचे थांबतात, सोप्यावर एकटे बसून राहतात, आणि आपण पुन्हा म्हणतो, वय झालं. ऐकू न येण्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं आता मोठमोठे अभ्यास सांगतात. कानाचं यंत्र लावायची लाज चष्म्याइतकीच संपायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हा विषय आपल्या दारातला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे शंभरात ८.६ होते, गोव्यात ११.२. केरळनंतर आपलाच नंबर. २००१ मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मानसोपचारतज्ज्ञांचा गोव्यातल्या वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणं लोक ओळखत होते, पण हा आजार आहे असं त्यांना वाटत नव्हतं. म्हातारपणात असं व्हायचंच, असा समज. म्हणजे आमच्या माटोळीखालचा तो हशा एकट्या आमच्या घरातला नव्हता.

दुसरा अभ्यास २०१९ चा, तोही गोव्यातलाच. मन खचू लागलेले, पण अजून नैराश्याचा आजार न जडलेले साठीच्या पुढचे १८१ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांच्या मदतीला थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, डॉक्टर नव्हेत. अडचणी सोडवायच्या कशा, झोप कशी सुधारायची, मधुमेह कसा सांभाळायचा, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवायचा, असं सगळं त्यांच्याशी बोलायचं. वर्षभरात पहिल्या गटातल्या ९० पैकी १३ जणांना नैराश्यानं गाठलं, दुसऱ्या गटातल्या ९१ पैकी चौघांना. औषधाच्या चिठ्ठीत 'पेन्शनचा अर्ज भरून देणे' असं कुणी लिहीत नाही, पण इथं तोही उपचाराचाच भाग होता.

काकांना आम्ही उशिराच दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनीही "वय झालंय" म्हणूनच परत पाठवलं होतं. दुसऱ्यांनी थायरॉइड नि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो आणि तो औषधानं आटोक्यात येऊ शकतो. काकांचं तसं नव्हतं. तो स्मृतिभ्रंशच निघाला. पण नाव कळल्यावर घरातली चिडचिड कमी झाली. न्हाणीत धरायला दांडा बसला, रात्री दिवा राहू लागला. काकी दुपारी दोन तास माहेरी जाऊन येते, तेव्हा मी बसतो.

गेल्या चवथीला माटोळी मी बांधली. काका खाली खुर्चीवर होते. कांगल्यांना आता ते "तीं तांबडीं" म्हणतात. मी घोस टांगला, तसे ते उठले, माझी गाठ सोडली आणि स्वतः बांधली. नावं विसरली तरी हाताची सवय उशिरा जाते, हे मी वाचलं होतं. माझी गाठ ढिली होती, हे मात्र वाचून कळण्यासारखं नव्हतं.

नमस्कार.