रिकाम्या रांगेत बसू का?

गेल्या वर्षी एका स्वस्त विमान कंपनीच्या विमानात मी सतराव्या रांगेत, मधल्या खुर्चीत, दोन्ही कोपरं पोटाशी धरून बसलो होतो. पुढची सोळावी रांग अख्खी रिकामी. दारं लागली तसा मी उठलो, तर हवाई सेविका म्हणाली, “सर, तिथं नका बसू, विमानाचा तोल बिघडतो.” मी मुकाट्यानं खाली बसलो. शेजारचे गृहस्थ पुटपुटले, “सत्तर टनांचं धूड, आणि तुमच्या पंच्याहत्तर किलोंनी कलंडणार?”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर जरा वाकडं आहे. तोलाची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त माझ्या बाबतीत ती खरी नव्हती.

आधी खरी बाजू बघू. ही माझ्या हातातली शाळकरी पट्टी म्हणजे विमान समजा. मधोमध बोटावर धरलं की ते तरंगतं. आता एका टोकाला एक रुपयाचं नाणं ठेवतो... पडली पट्टी. तेच नाणं बोटाच्या अगदी वर ठेवलं तर पट्टी हलतसुद्धा नाही. नाणं तेच, वजन तेवढंच. फरक पडला तो जागेमुळे. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, तोच हा न्याय. विमानात ते बोट साधारण पंखांपाशी असतं. त्यामुळे पंखाजवळच्या रांगेत कोण बसलंय याची वैमानिकाला फारशी फिकीर नसते. पहिल्या आणि शेवटच्या काही रांगांची मात्र असते. उड्डाणाआधी लोडशीट तयार होते. तिच्यात केबिनचे दोन-तीन विभाग पाडून प्रत्येकात किती माणसं, हे मांडलेलं असतं. त्यावरून गुरुत्वमध्य काढतात आणि शेपटीवरचा आडवा पंख किती अंशांवर ठेवायचा, ते ठरवतात. त्यालाच ट्रिम म्हणतात.

हा हिशेब चुकला तर काय होतं? मे २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं बोइंग ७३७ कॅनबेराहून पर्थला निघालं. मागच्या भागात प्राथमिक शाळेची ८७ मुलं एकत्र बसली होती आणि संगणकात ती मोठी माणसं म्हणून नोंदली गेली होती. कागदावर शेपूट जड, प्रत्यक्षात हलकी. धावपट्टीवर वैमानिकानं नाक उचलायला दांडा ओढला, तर विमान नाकाकडे जड. नेहमीपेक्षा बराच जास्त जोर लावावा लागला. विमान सुखरूप पोचलं. पण बघा, कुणी नियम मोडला नव्हता, कुणी जागा बदलली नव्हती. चुकली ती फक्त नोंद.

आता स्वस्त कंपन्यांकडे येऊ. सुरुवातीला त्यांच्याकडे ‘या आणि बसा’ असाच कारभार होता. आसन क्रमांक नाही, की त्यावरून वाद नाही. लोक चटचट चढतात, विमान लवकर परत उडतं, आणि उडणारं विमानच पैसे कमावतं. पण मग लोडशीटवाल्यानं कोण कुठे बसेल हे ओळखायचं कसं? विमान भरलेलं असेल तर प्रश्नच नाही, माणसं आपोआप सगळीकडे असतात. पंचाईत होते ती अर्ध्या रिकाम्या विमानात. सगळे पुढच्या दाराशी गर्दी करणार, कारण उतरायची घाई. म्हणून काही रांगा पट्टी लावून बंद ठेवायच्या. लोकांना वाटायचं हा खडूसपणा आहे, पण हिशेब चोख होता.

पुढे युरोपातल्या स्वस्त कंपन्यांपैकी ईझीजेटनं नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि रायनएअरनं फेब्रुवारी २०१४ मध्ये नेमून दिलेल्या जागा सुरू केल्या. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं १९७१ पासूनची मोकळी पद्धत अगदी २७ जानेवारी २०२६ पर्यंत सांभाळली, मग तिलाही नमतं घ्यावं लागलं. तोल सांभाळणं यात सोपं झालं, हे खरंच. पण या बदलामागचं खरं इंजिन वेगळं होतं. जागेला क्रमांक आला की ती विकता येते! खिडकीचा दर वेगळा, पुढच्या रांगेचा वेगळा, पाय पसरायला मिळाले तर आणखी वेगळा. जागेचे पैसे न भरणाऱ्याला मधली खुर्ची का मिळते? खिडकी आणि मार्गिकेकडची जागा अजून कुणीतरी विकत घेईल, या आशेनं संगणक ती राखून ठेवतो. आणि रिकाम्या महागड्या रांगेत तुम्ही फुकट जाऊन बसलात, तर शेजारी पैसे मोजून बसलेला पुढच्या वेळी कशाला मोजेल?

तर बंदी कुठली खरी, कुठली पैशाची? थोडा अंदाज बांधता येतो. मार्गिकेच्या या बाजूची जागा सोडून त्या बाजूला गेलात, किंवा एकच रांग पुढे सरकलात, तर प्रवासी जेटच्या तोलाला नावापुरताच फरक पडतो. एकदा विमान वर पोचलं की लोक स्वच्छतागृहाकडे ये-जा करतातच, आणि ट्रिम ते सहज सांभाळून घेते. पण उड्डाणापूर्वी दहा-बारा जणांना पुढून मागे जायला सांगितलं, तर निमूट उठावं. ते गणित आहे.

काही बंधनांचा मात्र तोलाशीही संबंध नाही आणि पैशाशीही नाही. एकाच बाजूच्या तीन खुर्च्यांवर ऑक्सिजनचे मुखवटे सहसा चारच असतात, त्यामुळे तिथं मांडीवरची दोन बाळं बसवत नाहीत. आपत्कालीन दारापाशी दार उघडू शकेल असंच माणूस हवं. आणि पन्नास आसनांमागे एक कर्मचारी हा नियम. त्यापायी २०२२ मध्ये माणसं कमी पडल्यावर ईझीजेटनं एअरबस ए३१९ विमानांची शेवटची रांगच उपटून काढली: १५६ ची १५० आसनं केली, म्हणजे चौघांऐवजी तिघांत भागलं.

परतीच्या प्रवासात माझ्यापुढे पुन्हा एक रिकामी रांग होती. या वेळी पट्टा बांधायचा दिवा विझेपर्यंत थांबलो आणि सरळ विचारलं, “तोलाचा प्रश्न आहे, की भाड्याचा?” ती हवाई सेविका हसली. म्हणाली, “भाड्याचा, सर. पण पुढची नको, मागची एकविसावी घ्या, तिचे पैसे पडत नाहीत.”