जहाजावरचं घड्याळ आणि आपली झोप

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. नजर पोचणार नाही एवढं पाणी आपण बघतो ते पैठणच्या नाथसागरात, आणि तेसुद्धा पाऊस बरा झाला तर. तरी हल्ली नांदेड-लातूरकडची निवृत्त मंडळी क्रूझची तिकिटं काढू लागली आहेत. कुणी मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करतं. त्यांनी घड्याळाला हातही लावायला नको. पण दुबईकडं निघालात तर घड्याळ दीड तास मागं येतं, सिंगापूरकडं निघालात तर अडीच तास पुढं जातं. आणि कुणी मुलाकडं परदेशी गेल्यावर तिथून अटलांटिक महासागर जहाजानं ओलांडायचं ठरवलं, तर वेळ रोजच्या रोज सरकत राहते. आज बोलायचं आहे ते या सरकत्या वेळेबद्दल.

पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यात रेखांशाचं अंतर साधारण दोन अंशांचं. म्हणून नांदेडात सूर्य मावळल्यावरही संभाजीनगरात तो आणखी सात-आठ मिनिटं दिसतो. घड्याळ मात्र दोन्हीकडं एकच, कारण 1906 पासून भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बांधलेली आहे. म्हणून तर संभाजीनगरात सूर्य डोक्यावर येईपर्यंत घड्याळात साडेबारा वाजत आलेले असतात. जमिनीवर हा फरक आपण पचवून टाकतो. समुद्रात तो साठत जातो.

वीस नॉट वेगाचं जहाज दिवसरात्रीत 480 सागरी मैल कापतं, म्हणजे जवळजवळ 890 किलोमीटर. विषुववृत्तावर एका तासाचा फरक पडायला 900 सागरी मैल जावं लागतं. उत्तरेकडं रेखांश एकमेकांजवळ येतात, तिथं तो फरक लवकर पडतो. न्यूयॉर्क ते इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन या वाटेवर सात रात्रींत पाच तास बदलतात. आता मुंबईहून न्यूयॉर्कला विमानानं गेलेल्यांना विचारा. तिथं उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक एका दमात अंगावर येतो, आणि आठवडाभर माणूस रात्री दोनला टक्क जागा. आपलं शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवून घेतं. जहाजाची चाल जवळपास तेवढीच आहे, म्हणून जहाजाचा प्रवास सोसतो.

पण दोन्ही दिशा सारख्या नाहीत, बरं का. पश्चिमेकडं जाताना दिवस 25 तासांचा होतो, सगळे खुशीत असतात. पूर्वेकडं येताना एकामागून एक दिवस 23 तासांचे. एका तासानं काय होतंय, असं पहिल्या दिवशी वाटतं. चौथ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी डोळे उघडत नाहीत आणि रात्री अकराला झोपेचा पत्ता नसतो. शरीराचं स्वतःचं घड्याळ मेंदूत असतं आणि बहुतेकांचं ते 24 तासांपेक्षा किंचित हळू चालतं. त्याला मागं ओढणं सोपं, पुढं ढकलणं जड. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 चं नोबेल मिळालं.

या घड्याळाची किल्ली म्हणजे उजेड. पूर्वेकडं जाताय तर सकाळी उठल्याबरोबर डेकवर जा, अर्धा-पाऊण तास चाला, आणि रात्री केबिनमध्ये मोबाइल डोळ्यांपुढं धरून बसू नका. पश्चिमेकडं जाताय तर संध्याकाळचं ऊन घ्या. आपली माणसं स्वस्त पडते म्हणून बिनखिडकीची आतली केबिन घेतात. हरकत नाही, पण तिथं सकाळ होतच नाही! बऱ्याच जहाजांवर केबिनच्या टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, ते रात्री आवाज बंद करून चालू ठेवा. पहाट झाल्याचं कळेल. दुसरी अडचण आपल्या दुपारच्या झोपेची. इथल्या मे महिन्यात ती गरजच असते, पण जहाजावर भरपेट जेवून दोन तास ताणून दिली की रात्र गेलीच म्हणून समजा. अगदी राहवलं नाही तर वीस मिनिटं, तीही गजर लावून.

वेळ कधी बदलायची ते कप्तान ठरवतो. उद्याच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या संध्याकाळी मिळतो, त्यात ते लिहिलेलं असतं. खरी गंमत बंदरात होते. मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपली वेळ आपणच बदलतो, आणि परत चढायची वेळ असते जहाजाच्या घड्याळाची. तास चुकला तर जहाज एकट्यादुकट्यासाठी थांबत नाही. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा.

प्रशांत महासागरात तर अख्खी तारीख बदलते. मॅगेलनच्या मोहिमेतलं व्हिक्टोरिया हे जहाज पश्चिमेकडून पृथ्वीला वळसा घालून 1522 मध्ये केप व्हर्दे बेटांवर पोचलं. रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेट्टाच्या हिशेबानं तो बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक सांगत होते गुरुवार. मग संकष्टी धरणाऱ्यांनी काय करायचं? भिंतीवरच्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ ठरावीक गावांपुरती असते, भर समुद्रात ती लागू पडत नाही. माझं मत विचाराल तर डेकवर जाऊन चंद्र दिसला की उपास सोडावा. तिथं आड यायला ना झाड ना इमारत. ढग असले तर मात्र पंचाईत.

दिवसातून एकदाची गोळी तासभर इकडंतिकडं झाली तर बहुधा बिघडत नाही. इन्सुलिन, फिट्स किंवा रक्त पातळ ठेवण्याची औषधं असतील तर निघण्याआधी जहाजाचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून वेळा लिहून घ्या.

आणि घरी फोन करायची वेळ भारतीय वेळेनंच ठरवा. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढंमागं होत नाही. रविवारी रात्री आठ म्हणजे रात्री आठ. तुमचे तेव्हा किती वाजले असतील त्याचा हिशेब तुम्ही करा. गावाकडं फोनपाशी बसलेल्या आईला करायला लावू नका.

नमस्कार.